शब्द, उचल आणि हजेरीपत्रक

सोलापुरातून अक्कलकोटकडे निघालेला रस्ता शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या दाट वस्त्या ओलांडून औद्योगिक वसाहतीत शिरतो, तेव्हा डोळ्यांना काही विशेष दिसण्यापूर्वीच कानांना यंत्रमागांची खबर लागते. लांबट, बसक्या इमारतींतून मागांचा खडखडाट अखंड बाहेर पडत असतो, खिडक्यांच्या जाळ्यांवर कापसाचे तूस साचलेले असते, आणि सुताच्या गोण्या, कांजी करून आलेले बीम व टॉवेलांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो एका शेडकडून दुसऱ्या शेडकडे फिरत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात ‘जुन्या मिल’पासून सुरू झालेला आणि पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा नावांनी गाजलेला गिरण्यांचा काळ संपला, भोंगे थांबले, परंतु विणण्याची विद्या हातांतच राहिल्यामुळे ती या छोट्या शेडांत येऊन वसली, आणि सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांचे नाव आज मुख्यत्वे या शेडांच्या आधारावर टिकून आहे.

यंदाच्या अंकासाठी ‘व्यवहार आणि नीती’ हे सूत्र ठरवून, राष्ट्राची संस्कृती उद्योगसंस्थांच्या नैतिक वर्तनाला कसे वळण देते याविषयी लिहावे, असे संपादकांनी कळविले, तेव्हा हा विषय मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांत शोधू नये, अशी माझी भावना झाली. मोठ्या कंपनीपाशी छापील आचारसंहिता असते, कायदेशीर सल्लागार असतो, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक कार्यासाठी लावून दिलेला नफ्याचा दोन टक्के हिस्साही असतो. तिच्या वर्तनातला संस्कृतीचा भाग कोणता आणि कायद्याच्या धाकाचा कोणता, हे वेगळे काढणे दुर्घट आहे. याउलट अक्कलकोट रोडवरील भागीदारीच्या वा एका मालकीच्या कारखान्यात आचारसंहितेचा कागद कोठेच आढळत नाही. तेथे जी काही नीती आहे ती माणसामाणसांतल्या संबंधांत आहे, आणि म्हणून ती पाहावयास सापडते.

सावकार

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एक घट्ट ताणलेला, पायाच्या विणीचा. दुसरा सैल सोडलेला, ज्याच्या धाग्यांचे फासे वर येऊन टॉवेलाचा मऊ, केसाळ पृष्ठभाग तयार होतो. एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवणे, धागा तुटताच माग थांबवून गाठ मारणे, कांडी संपण्याच्या बेतात आली की ती बदलणे, हे काम बारा-बारा तासांच्या पाळीत चालते. मजुरी निघालेल्या मालावर ठरते. माग बंद राहिला, वीज गेली, सूत वाईट निघाले, तर त्या वेळाचे मोल कामगाराच्या पदरातून जाते.

या कामगाराचे मालकाशी असलेले नाते पगाराच्या आकड्यात मावत नाही. तो मालकाला ‘सावकार’ म्हणतो किंवा ‘शेठ’ म्हणतो. मालक वयाने मोठ्या कामगाराला ‘अण्णा’ म्हणतो, आणि शिलाई व घडीच्या कामावरच्या स्त्रियांना ‘अक्का’. एका शेडमध्ये मी शिरलो तेव्हा साठीच्या घरातल्या मालकांनी ‘या की वो, बसा’ म्हणून स्टूल पुढे सरकवले आणि चहा येईपर्यंत शेडमधल्या प्रत्येक माणसाची हकिकत सांगितली: कोणाच्या मुलीचे लग्न गेल्या वर्षी झाले, कोणाच्या आईला इस्पितळात ठेवले होते, कोण व्यसनाधीन झाला होता व त्याला परत कामावर कसे आणले. ही माहिती हजेरीपत्रकातून मिळण्यासारखी नव्हती. ती एका घरातल्या वडीलधाऱ्याजवळ असते तशी होती, आणि तिच्यातल्या जिव्हाळ्याविषयी शंका घेणे मला अन्यायाचे वाटते.

या नात्याचा मध्यवर्ती व्यवहार म्हणजे उचल. लग्न, आजारपण, घराची दुरुस्ती, शाळेची फी, अशा प्रसंगी कामगार मालकाकडून रक्कम उचलतो आणि ती आठवड्याच्या मजुरीतून थोडी थोडी फिटत जाते. बँक ज्याला दारात उभे करणार नाही त्याला मालक एका शब्दावर पैसे देतो. तारण म्हणून मालकापाशी कामगाराच्या कसबाखेरीज काही नसते. परंतु उचल फिटेपर्यंत दुसऱ्या शेडमध्ये जाता येत नाही, आणि जावयाचेच झाले तर नवा मालक जुन्याची बाकी भागवून त्याला नेतो, म्हणजे कामगाराबरोबर त्याचे ऋणही एका वहीतून दुसऱ्या वहीत जाते. वेठबिगारी पद्धत नष्ट करणारा १९७६ चा कायदा ज्या बंधनाकडे संशयाने पाहतो, त्याच्या अगदी जवळ हा व्यवहार येऊन उभा राहतो. आणि तरीही ज्याच्या मुलाचा जीव त्या पैशाने वाचला आहे तो कामगार या व्यवहाराला बंधन म्हणावयास तयार नसतो. उपकार आणि पाश हे एकाच नोंदीत बसलेले आहेत. त्यांपैकी एकच वाचून उठणाऱ्याला या वसाहतीची नीती कळली असे म्हणता येणार नाही.

त्याच मालकांना मी भविष्यनिर्वाह निधीविषयी विचारले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुःख आले. ज्याच्या घरच्या प्रत्येक अडचणीला आपण उभे राहिलो, त्याच्याशी आपले नाते सरकारी कागदावर कशासाठी मांडावयाचे, असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नात कंजुषीचा अंश असू शकेल. तथापि त्याहून मोठा भाग एका प्रामाणिक समजुतीचा आहे, की लिहून द्यावे लागते ते परक्याला.

दामाजीपंतांची पावती

ही समजूत कोठून आली याचा विचार करताना याच जिल्ह्यातले मंगळवेढे आठवल्यावाचून राहत नाही. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे तेथील अधिकारी दामाजीपंतांनी उपाशी रयतेसाठी खुली केली, ही कथा महीपतींच्या ‘भक्तिविजया’ने घरोघर नेली. नियमाच्या दृष्टीने पाहिले तर दामाजीपंतांनी धन्याच्या मालाचा अपहार केला. लोकमानसाने मात्र त्यांना संत ठरविले. समोर माणूस मरत असता नियम पाळणे हीच अनीती, असा निवाडा मराठी मनाने शतकानुशतके दिलेला आहे, आणि कारखान्याचा मालक नियमापेक्षा माणसाला मोठे मानतो तेव्हा तो या परंपरेच्या बाहेरचे काही करीत नाही.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आपण भक्तीच्या ओघात वाचतो आणि त्यातला कारभार नजरेआड करतो. विठोबा विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात जातो, धान्याची किंमत मोजून देतो, आणि एवढ्यावर न थांबता रक्कम पोचल्याची पावती घेऊन ती दामाजीपंतांच्या पोथीत ठेवतो. साक्षात् देवालाही हिशेब पुरा करावा लागला आणि त्याचा दस्तऐवज ठेवावा लागला. ज्या मंगळवेढ्यात बसवेश्वरांनी तरुणपणी जमाखर्च लिहिण्याचे काम केल्याची परंपरा सांगितली जाते, आणि ज्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी शेकडो हातांच्या श्रमांतून तलाव उभा केला, त्या प्रदेशात कायक आणि दासोह, म्हणजे श्रम आणि त्याच्या फळाचे वाटप, या गोष्टी निष्ठेच्या होत्या, तशाच मोजदादीच्याही होत्या. आपल्या संस्कृतीत करुणा आहे पण लेखी हक्काची कल्पना नाही, असे म्हणणाऱ्याने आपली संस्कृती अर्धीच वाचली आहे.

विद्वानांची मोजपट्टी

राष्ट्रीय संस्कृती आणि उद्योग यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास ज्यांच्या नावाशी जोडला गेला ते डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड. आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांच्या आधारे त्यांनी १९८० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतर लोक किती सहज मानतात, या कसोटीवर त्यांनी भारताला ७७ गुण दिले, डेन्मार्कला १८. माणूस स्वतःला व्यक्ती म्हणून पाहतो की समूहाचा घटक म्हणून, या कसोटीवर अमेरिकेला ९१ आणि भारताला ४८. पुढे फॉन्स ट्रॉम्पेनार्स यांनी निरनिराळ्या देशांतील व्यवस्थापकांपुढे एक जुनाच पेच ठेवला: मित्राच्या मोटारीत तुम्ही बसला आहात, मित्र मर्यादेपेक्षा अधिक वेगाने चालवून एका पादचाऱ्याला धडक देतो, आणि त्याला वाचविण्यासाठी तुम्ही खोटी साक्ष द्यावी अशी अपेक्षा आहे. स्वित्झर्लंड, अमेरिका अशा देशांत दहांपैकी नऊहून अधिक जणांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. व्हेनेझुएलात नकार देणारे सुमारे एक-तृतीयांश निघाले. आणि इतरत्र असेही आढळले की पादचाऱ्याची इजा गंभीर असेल तर मित्राला सांभाळणे अधिकच अगत्याचे ठरते, कारण आता त्याला मदतीची गरज अधिक असते.

हे वाचताना अक्कलकोट रोडवरचे पुष्कळ काही उलगडते. जवळच्याविषयीचे कर्तव्य आधी, नियम नंतर. वरच्याचा शब्द मोडणे अशिष्ट. तक्रार करणे म्हणजे नाते तोडणे. शेडमध्ये मुकादमाने दुय्यम सूत चांगल्या सुतात मिसळले, तर ते पाहणारा कामगार मालकाला सांगत नाही, कारण त्याला ती चुगली वाटते. अमेरिकेच्या कायद्यात गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण आणि बक्षीस आहे. आपल्या कथांत अशा माणसाचे नाव विभीषण आहे, आणि धर्माच्या बाजूने उभा राहूनही त्याचे नाव लोक आपल्या मुलाला सहसा देत नाहीत.

तरीही या आकड्यांनी माझे समाधान झाले नाही. सत्तेपुढे मान तुकविणे हा जर या मातीचा स्वभाव असेल, तर याच शहराच्या गिरणी कामगारांनी आणि नागरिकांनी १९३० च्या मे महिन्यात ब्रिटिश अंमल काही दिवस निष्प्रभ करून टाकला, त्याबद्दल लष्करी कायदा सोसला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, याची संगती कशी लावावयाची? संस्कृती माणसाला वाकावयास शिकविते तशी उभे राहण्याचीही भाषा देते; कोणती केव्हा बोलली जाईल हे परिस्थिती ठरविते.

याविषयीचा सर्वांत बोलका पुरावा कारखान्यातून आलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्यांना मोटार चुकीच्या जागी लावल्याचा दंड भरण्यापासून राजनैतिक संरक्षण होते. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातील दीड लाख न भरलेल्या दंडांचा हिशेब मांडला, तेव्हा ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक मानला जातो त्यांच्या अधिकाऱ्यांनी नियम अधिक मोडल्याचे दिसून आले. म्हणजे माणूस आपला देश बरोबर घेऊन हिंडतो. पण २००२ च्या अखेरीस थकबाकीदारांच्या राजनैतिक क्रमांकपट्ट्या काढून घेण्याचा अधिकार नगरप्रशासनाला मिळाला आणि नियमभंग जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटला. तीच माणसे होती, संस्कृतीही तीच होती. त्या पट्ट्या तेवढ्या आता काढता येत होत्या.

एका घरातली दोन माणसे

या युक्तिवादाचा सोलापुरी दाखला शोधण्यासाठी वसाहतीतून पूर्व भागात परत यावे लागते. तेलंगणातून पिढ्यान्पिढ्या येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाच्या वस्त्यांत सकाळी फिरताना घरोघरी एकच दृश्य दिसते: स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेल्या असतात. पान आणि तंबाखू कारखान्यातून घरी आणावयाची, पान भिजवून, कापून, विडी वळून दोऱ्याने बांधावयाची, आणि तयार विड्या कारखान्यात मोजून द्यावयाच्या. तेथे तपासणारा ‘छाट’ म्हणून काही विड्या बाजूला काढतो. त्या छाटीवरून होणारी भांडणे हा या धंद्यातला नित्याचा जाच आहे. घरातला पुरुष मागावर, स्त्री विडीवर, अशी ही दोन चाकांची व्यवस्था आहे.

आता या घरातले कागद पाहा. विडी वळणाऱ्या स्त्रीजवळ बहुधा ओळखपत्र आहे, भविष्यनिर्वाह निधीचे खाते आहे, आणि म्हातारपणी थोडेबहुत निवृत्तिवेतन मिळण्याची आशा आहे. तिच्या शेजारी बसलेल्या, तिच्याहून अधिक कमावणाऱ्या आणि वर्षानुवर्षे एकाच सावकाराकडे काम केलेल्या तिच्या नवऱ्याजवळ पुष्कळदा यांतले काहीच नसते. दोघांचे घर एक, भाषा एक, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथामागे चालणारी पावले एक. संस्कृतीच जर व्यवहाराची नीती ठरवीत असेल, तर तिने नवऱ्याला एक न्याय आणि बायकोला दुसरा कसा लावला?

उत्तर त्या दोन धंद्यांच्या इतिहासात आहे. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधी आला, आणि घरी बसून विड्या वळणारी स्त्रीसुद्धा कारखान्याची कामगारच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. शहरातल्या लाल बावट्याच्या संघटनांनी हे कागद प्रत्यक्षात उतरविण्यासाठी दशकानुदशके मोर्चे काढले. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती याच बळावर. यंत्रमागाच्या बाबतीत उलटे घडले. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची सीमा घातली, भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याने वीसची, आणि गिरण्यांच्या ऱ्हासानंतर वाढलेला हा धंदा त्या सीमांच्या खाली राहण्याच्या बेताने वाटला गेला. एकाच छपराखाली भावाच्या, पत्नीच्या, मुलाच्या नावाने निरनिराळे परवाने असू शकतात. माग एका रांगेत आणि मालक कागदोपत्री तीन. २०२० च्या नव्या संहितेने कारखान्याची सीमा वीस कामगारांवर नेली असल्याने अशा वाटणीची गरजसुद्धा आता कमी होईल.

येथे मालकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सूत रोखीने घ्यावयाचे, टॉवेल उधारीवर द्यावयाचा, विजेचे बिल महिन्याच्या महिन्याला, आणि भिवंडी, इचलकरंजी, मालेगावपासून पानिपतपर्यंत स्पर्धा. अशा स्थितीत जो एकटा मालक प्रत्येक कामगाराचे नाव पटावर घेईल त्याचा टॉवेल शेजाऱ्याहून महाग होईल. सज्जन असणे येथे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि म्हणून तो आपले सौजन्य उचलीत, औषधपाण्यात, दिवाळीच्या मिठाईत दाखवितो, जेथे ते त्याला परवडते.

तपासणीचा दिवस

टॉवेल परदेशी जाऊ लागला तेव्हा त्याच्याबरोबर परक्या देशांची नीती उलट्या वाटेने वसाहतीत आली. आधी आला रंगांचा प्रश्न. काही ॲझो रंगांतून कर्करोगजनक द्रव्ये सुटतात म्हणून १९९० च्या दशकात जर्मनीने ते वर्ज्य केले, पाठोपाठ भारत सरकारनेही बंदी घातली, आणि रंगाऱ्याच्या हाताला वर्षानुवर्षे ज्याची सवय होती ते डबे बाजारातून गेले. कोणाच्याही संस्कृतीत त्यासाठी बदल करावा लागला नाही. प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर माल परत येतो, एवढे पुरेसे होते.

माणसांच्या बाबतीतली तपासणी इतकी सरळ निघाली नाही. परदेशी खरेदीदाराच्या वतीने येणारा तपासनीस वयाचे दाखले, पगाराच्या पावत्या, जादा कामाचे तास, अग्निशामक नळकांडी, प्रथमोपचाराची पेटी, बाहेर पडण्याचे मार्ग पाहतो आणि कामगारांना बाजूला घेऊन प्रश्न विचारतो. प्रश्न कागदाचा आहे हे ओळखून उत्तरही कागदाचे तयार करणे, एक हजेरीपत्रक चालू वापराचे आणि एक दाखविण्याचे ठेवणे, हे जगभरच्या वस्त्रोद्योगात जाणकारांना ठाऊक असलेले दुखणे आहे. आणि कामगारच मालकाला त्यात साथ देतो, कारण परक्या माणसासमोर घरातली गोष्ट उघडी करणे त्याला गैर वाटते, आणि मागणी गेली तर माग थांबेल हेही त्याला कळते. कराचीच्या ज्या कापड कारखान्यात सप्टेंबर २०१२ मध्ये अडीचशेहून अधिक कामगार जळून मेले, त्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी आंतरराष्ट्रीय सामाजिक प्रमाणपत्र मिळालेले होते. ढाक्याजवळच्या राणा प्लाझाला आदल्या दिवशी तडे गेलेले सर्वांनी पाहिले. खालची बँक व दुकाने बंद झाली. शिवणकामगारांना मात्र २४ एप्रिल २०१३ च्या सकाळी पुन्हा आत बोलाविले गेले आणि १,१३४ माणसे गेली. वरच्याचा शब्द मोडता येत नाही, ही गोष्ट त्या सकाळी हॉफस्टेड यांच्या गुणांच्या कोष्टकापुरती राहिलेली नव्हती.

त्यानंतर बांगलादेशात झालेला करार मला अभ्यासण्यासारखा वाटतो, कारण त्याने कोणालाही सद्गुणांचा उपदेश केला नाही. दोनशेहून अधिक खरेदीदार कंपन्यांनी कामगार संघटनांशी न्यायालयात बजावता येईल असा लेखी करार केला, इमारतींची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी केली, आणि तिचे अहवाल सर्वांना वाचावयास खुले ठेवले. धोकादायक इमारतीत शिरण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क त्यात लिहिलेला होता. नकार देणे ज्या समाजात उद्धटपणाचे समजले जाते, तेथे नकार अगोदर लिहून ठेवलेला असल्याने तो उच्चारण्याचा संकोच काहीसा कमी होतो.

वजन, काउंट आणि मुदत

मालकाचा मालकाशी असलेला व्यवहार हे या वसाहतीचे सर्वांत अभिमानाचे अंग आहे. दलालाच्या एका फोनवर गठ्ठे रवाना होतात. लाखांचा माल कागदावर सही होण्यापूर्वी उचलला जातो. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात याचे माप, आणि त्यात थोडी लबाडी केली तर उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही. टॉवेल वजनावर विकला जातो, आणि कापूस हवेतला ओलावा पितो. प्रमाण म्हणून साडेआठ टक्के ओलावा धरतात, पण दमट ठेवलेला माल त्याहून जड भरू शकतो. फसवणुकीला इतक्या वाटा मोकळ्या असताना हा बाजार शब्दावर चालतो, याचे कारण असे की शब्द मोडणाऱ्याचे नाव जोडबसवण्णा चौकापर्यंत संध्याकाळच्या आत पोचते. ओळखीच्या वर्तुळात ही नीती कोणत्याही कायद्याहून कडक आहे.

वर्तुळाबाहेर तिचे बळ ओसरते. भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी या देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या काही वर्षांतच सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना ती मिळाली, आणि तरीही दूरच्या शहरात विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जाते. त्या विणकराची येथल्या माणसांत बेअब्रू होण्याचा प्रश्नच येत नाही. पैशांच्या मुदतीचे तसेच. बाहेरचा व्यापारी माल नेऊन दोन-दोन, तीन-तीन महिने रक्कम ठेवतो, आणि छोटा मालक संबंध बिघडेल या भीतीने तगादा लावीत नाही. २००६ च्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत घातली होती, पण ती कोणी मागत नव्हते. मग प्राप्तिकर कायद्यात ४३-ब (ह) हे कलम आले आणि १ एप्रिल २०२४ पासून नियम असा झाला की लघुउद्योगाचे पैसे मुदतीत न दिल्यास देईपर्यंत तो खर्च वजावटीस धरला जाणार नाही. देशभरच्या कापडबाजारांत खळबळ उडाली. काही व्यापाऱ्यांनी माल परत केला, काहींनी नोंदणी नसलेल्यांकडून खरेदी करण्याची भाषा केली. परंतु आता मुदत पाळावयाची ती स्वतःच्या करासाठी पाळावयाची होती, छोट्या मालकाला तोंड उघडावे लागत नव्हते, आणि या व्यवस्थेचे मर्म मला तेथे दिसते.

१८ मे

१८ मे २०२५ च्या पहाटे या वसाहतीतील एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. कापूस, सूत, तयार माल. ती तासन् तास आटोक्यात आली नाही. आठ जण गेले. त्यांत वृद्ध मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती, एक लहान मूल होते, आणि त्याच आवारात राहणारे कामगार होते.

दोष कोणाचा हे ठरविणे चौकशीचे काम आहे आणि मी ते हाती घेत नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की मालक लोभापायी कामगाराला धोक्यात लोटतो, या सोप्या चौकटीत ही घटना बसत नाही. घर आणि धंदा एकाच आवारात असणे ही येथे कष्टाळूपणाची खूण मानली जाते; मालक मागांच्या आवाजात झोपतो, आणि ज्यांच्यावर त्याचा भरवसा आहे ते कामगारही तेथेच राहतात. म्हणजे ज्या जवळिकीविषयी मी वर आदराने लिहिले, तीच जवळीक त्या पहाटे सर्वांना एका छताखाली घेऊन होती. नियम परक्यासाठी असतात, ही समजूत आपण बाळगतो तेव्हा आपण आपल्या सर्वांत जवळच्या माणसांना नियमांच्या संरक्षणातून वगळीत असतो, हे कोणीतरी या वसाहतीत मोठ्याने बोलले पाहिजे.

टोळी आणि मंडळ

जवळच्या माणसांनाही नियमांचे संरक्षण कसे द्यावे, हे शिकण्यासाठी महाराष्ट्राला परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली, तेव्हा त्यांच्यावर तसे करण्याची कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. पण एम्प्रेस मिल मोठी होती, आणि अक्कलकोट रोडवरचा मालक टाटा होऊ शकत नाही. त्याला उपयोगी पडेल असा नमुना गोदीत आणि धान्यबाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी घडविला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला. माथाडीचा कोणी एक मालक नसतो, तो आज एका पेढीवर आणि उद्या दुसऱ्या पेढीवर ओझे उचलतो. म्हणून मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापून मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही त्या मंडळाकडे भरण्याची व्यवस्था केली गेली. मंडळ मजुरी वाटते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, बोनस, औषधोपचार चालतो. आणि तरीही माथाडींची टोळी टोळीच राहिली: तोच मुकादम, गावाकडून आलेली तीच माणसे, एकमेकांना सांभाळण्याची तीच रीत. नाते मोडले नाही, त्याला खाते मिळाले. या कायद्याच्या नावाखाली खंडणी गोळा करणारे निघाले हेही खरे आहे, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण त्यामुळे मूळ रचनेचे शहाणपण कमी होत नाही.

यंत्रमाग कामगारांसाठी असे मंडळ असावे ही मागणी जुनी आहे. त्या मंडळातून उचल दिली गेली तर ऋण मंडळाचे राहील आणि कामगार शेड बदलावयास मोकळा होईल. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला जो तरुण आज मागावर उभा आहे, ज्याला तेलुगू येत नाही, कन्नड येत नाही, ज्याच्या बहिणीच्या लग्नाची तारीख सावकाराला ठाऊक नाही आणि म्हणून जुन्या नात्याच्या उबेतही ज्याचा वाटा नाही, त्याचे नाव प्रथमच कोठेतरी लिहिले जाईल. मी हे त्या साठीच्या मालकांना सांगितले. त्यांनी लेव्ही किती टक्के असेल ते विचारले, आणि मग म्हणाले, सोलापूरला लावायची तर इचलकरंजी, भिवंडी आणि मालेगावलाही त्याच दिवशी लावा, मागे-पुढे नको. ही अट मला न्याय्य वाटली, आणि ती पुरी करणे सोलापूरच्या हातात नाही, मुंबईच्या मंत्रालयाच्या हातात आहे.